आधी पत्ता, मग बाकी सगळं: जर्मनीत आलेल्या एका कुटुंबाचं पहिलं वर्ष

फेब्रुवारी २०२५ मध्ये तिशीतली एक यंत्र अभियंता दक्षिण जर्मनीतल्या एका मोठ्या शहरात नोकरीवर रुजू झाली. पासपोर्टवर सहा महिन्यांचा राष्ट्रीय व्हिसा, हातात वर्षाला ५६,००० युरोचा कायमस्वरूपी करार आणि राहायला कंपनीने सुरुवातीच्या काही आठवड्यांपुरतं घेऊन दिलेलं अपार्टमेंट-हॉटेल. नवरा आणि चार वर्षांची मुलगी भारतातच होती. त्यांच्या व्हिसाचे अर्ज अजून व्हायचे होते. कागदावर याहून सोपं प्रकरण सापडणार नाही. पगार त्या वर्षीच्या ब्लू कार्डाच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा वास्तव्य परवाना) ४८,३०० युरोच्या मर्यादेच्या बराच वर, पदवी इथे मान्य असलेली, कंपनी मदतीला तयार. तरीही तिसऱ्या आठवड्यात तिचं सगळं अडलेलं होतं.

नव्याने येणाऱ्या मराठी कुटुंबांना मी कागदपत्रांत मदत करते, तशी ती माझ्याकडे आली. ओळख पटेल असे तपशील काढून हे प्रकरण लिहिते आहे. यात कुणी तिला फसवलं नव्हतं आणि तिनेही हलगर्जी केली नव्हती. ती फक्त तिच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाच्या कामामागे आधी लागली होती, म्हणजे व्हिसाच्या.

“ताई, नोकरी माझी, व्हिसा माझा. मग एका घरमालकाच्या सहीवाचून माझं काहीच कसं हलत नाही?”

तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. जर्मनीत माणसाची सरकारदरबारी ओळख सुरू होते ती पत्त्याच्या नोंदणीपासून. तिला इथे आनमेल्डुंग म्हणतात. नोंदणी कायद्यानुसार घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात जाऊन ती करायची असते, आणि सोबत घर देणाऱ्याचं लेखी प्रमाणपत्र लागतं. भाडेकरार दाखवून चालत नाही; ‘ही व्यक्ती अमुक तारखेला इथे राहायला आली’ असं घर देणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं लागतं. नोंदणीच्या वेळी धर्मही विचारतात, कारण कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट चर्चच्या सदस्यांकडून पगारातच चर्चचा कर कापला जातो. आपल्याकडच्या बहुतेकांना तो लागू नसतो, पण रकाना भरताना अंदाजाने काही लिहू नये.

तिच्या हॉटेलने असं प्रमाणपत्र द्यायला नकार दिला. त्यात नियमाबाहेरचं काही नव्हतं. जर्मनीत कुठेच नोंद नसलेला माणूस हॉटेलसारख्या जागेत तीन महिन्यांपर्यंत नोंदणीशिवाय राहू शकतो, त्यामुळे कायदा मोडला जात नव्हता. पण नोंदणी नाही म्हणून बँक खातं उघडत नव्हती. नोंदणी नाही म्हणून अकरा अंकी करओळख क्रमांक येत नव्हता. तो पहिल्या नोंदणीनंतर केंद्रीय कर कार्यालयाकडून पोस्टाने येतो. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाच्या ऑनलाइन अर्जात नोंदणीकृत पत्ता हा पहिलाच रकाना होता. आणि पत्ता मिळवायला घर शोधावं, तर प्रत्येक घरमालक तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि शूफाचा अहवाल मागत होता. शूफा म्हणजे इथली पत नोंदवणारी संस्था. नुकत्याच आलेल्या माणसाची तिच्याकडे नोंदच नसते.

ती रोज संध्याकाळी कायमच्या घरांसाठी अर्ज करत होती आणि उत्तरं येत नव्हती. मी तिला तो शोध तात्पुरता थांबवायला सांगितलं. सहा महिन्यांसाठी फर्निचरसह मिळणारं घर घ्यायचं, महाग पडलं तरी चालेल, पण जाहिरातीत नोंदणी शक्य आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं आणि करारावर सही करण्याआधी प्रमाणपत्र मिळेल हे ईमेलवर लेखी हवं. तिला हे पटायला वेळ लागला. मिळालेल्या घराचं भाडं हातात येणाऱ्या पगाराच्या जवळपास निम्मं होतं, आणि परदेशात पाऊल ठेवल्या ठेवल्या एवढा पैसा भाड्यात घालवणं आपल्या माणसाच्या जिवावर येतं. पण नोंदणीविना गेलेल्या प्रत्येक महिन्याबरोबर ब्लू कार्ड, कुटुंबासाठी कायमचं घर आणि मुलीची बालवाडी यांतलं प्रत्येक काम तेवढंच पुढे जातं. ते सहा महिन्यांचं जादा भाडं हा या वर्षातला सगळ्यांत योग्य खर्च होता, असं माझं मत आजही आहे.

याच काळात तिला दुसरा एक मार्गही कुणीतरी सुचवला होता: कुठे राहायचं ते राहा, फक्त नोंदणीपुरता पत्ता विकत घे. याच्या जवळपासही जाऊ नये. प्रत्यक्ष राहत नसलेल्या जागेचा पत्ता पुरवणं हा इथे ५०,००० युरोपर्यंत दंडाचा गुन्हा आहे, आणि खोट्या नोंदीवर उभा केलेला वास्तव्याचा अर्ज पुढे आपल्याच अंगाशी येतो. घर न दाखवता, ‘मी परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं सांगणाऱ्या जाहिराती तर सरळसरळ लबाडीच्या असतात. अनामत रकमेबाबत कायदा भाडेकरूच्या बाजूने आहे. काल्टमीटे म्हणजे हीटिंग आणि इतर खर्च वगळून असलेलं मूळ भाडं. त्याच्या तिपटीपेक्षा जास्त अनामत मागता येत नाही आणि भाडेकरूला ती तीन समान मासिक हप्त्यांत भरता येते. दलालाला ज्याने नेमलं त्याने पैसे द्यायचे, हा नियमही १ जून २०१५ पासून आहे. घरमालकाने नेमलेला दलाल भाडेकरूकडून शुल्क मागू लागला तर तिथून निघावं.

१ एप्रिलला ती त्या घरात गेली, त्याच आठवड्यात नोंदणीची वेळ मिळाली आणि महिनाअखेर करओळख क्रमांक आला. तोवर पगाराचं काय, ही तिची मोठी धास्ती होती. पगार विभागातल्या एका नवख्या कर्मचाऱ्याने क्रमांक नसेल तर सहाव्या करवर्गाने कापणी होईल असं सांगितलं होतं. दर महिन्याला पगारातून किती कर कापायचा ते करवर्गावर ठरतं, आणि त्या वर्गात हातात सगळ्यांत कमी पैसे पडतात. आयकर कायद्यात मात्र, कर्मचाऱ्याचा दोष नसताना क्रमांक यायला उशीर झाला, तर कंपनीला तीन महिन्यांपर्यंत अपेक्षित करवर्गाने पगार काढायची मुभा आहे. ते कलम तिने शांतपणे ईमेलमध्ये लिहून पाठवलं आणि विषय मिटला. बँकेचंही तसंच. युरोपीय संघात कायदेशीर राहणाऱ्या कुणालाही साधं खातं मिळण्याचा हक्क जर्मन कायद्यात जून २०१६ पासून आहे. बाझिसकोंटो हा शब्द घेऊन अर्ज दिला की बँकेला दहा कामकाजाच्या दिवसांत निर्णय द्यावा लागतो. तोंडी विचारलं की काउंटरवरून नकार मिळतो, ठरलेला अर्ज लेखी दिला की नियम लागू होतो. इथल्या बहुतेक कार्यालयांना हे लागू आहे.

आरोग्यविम्यावर फार लिहिण्यासारखं नाही. खासगी विमावाल्यांचे फोन तिलाही आले. पण २०२५ मध्ये वार्षिक पगार ७३,८०० युरोच्या आत असलेल्या नोकरदाराला वैधानिक विमा बंधनकारक होता, त्यामुळे निवड फक्त कोणत्या क्रांकेनकासेची, म्हणजे या विम्याच्या कोणत्या संस्थेची, एवढीच उरत होती. मूळ हप्ता सगळीकडे १४.६ टक्के, वर प्रत्येक कासेचा थोडा जादा दर, आणि यातला निम्मा भार कंपनीचा. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात विनामूल्य येतात. कुटुंब मागाहून येणार असेल तर मर्यादेच्या वर पगार असलेल्यांनीही या एका मुद्द्यावर थांबून विचार करावा.

आता या प्रकरणातला सगळ्यांत अवघड भाग. ब्लू कार्डाचा अर्ज तिने एप्रिलमध्येच ऑनलाइन केला. अर्ज मिळाल्याची पोच आली आणि पुढे शांतता. मे गेला, जून गेला. व्हिसा ऑगस्टच्या मध्यावर संपत होता. त्यातच जुलैअखेर घरून फोन आला: वडिलांची हृदयाची शस्त्रक्रिया सप्टेंबरमध्ये ठरली आहे. ती एकुलती एक. जाणं भाग होतं, आणि गेल्यावर परत येता येईल का याची खात्री कुणी देत नव्हतं.

वास्तव्य कायद्याच्या ८१ व्या कलमात याची सोय आहे. मुदत संपण्याआधी अर्ज केला असेल, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना, नोकरीच्या परवानगीसकट, चालू असल्याचं मानलं जातं. राष्ट्रीय व्हिसा या सवलतीत बसतो. पर्यटकाचा शेंगेन व्हिसा बसत नाही. या मानीव स्थितीचा लेखी पुरावा म्हणजे फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा घडीचा कागद. त्यावर तीन चौकटी असतात आणि त्यांतल्या एकीत खूण केलेली असते. त्या खुणेवर सगळं अवलंबून असतं. खूण ८१ व्या कलमाच्या चौथ्या उपकलमासमोर असेल, तर जुना परवाना चालू मानला जातो आणि देशाबाहेर जाऊन परत येता येतं. तिसऱ्या उपकलमासमोर असेल, तर इथे राहता येतं, पण बाहेर पडल्यावर त्या कागदावर परत येता येत नाही.

तिने कार्यालयाला तातडीचं पत्र लिहिलं. त्यात भावनिक मजकूर जवळजवळ नव्हता. अर्जाची तारीख, पोच क्रमांक, व्हिसा संपण्याची तारीख, रुग्णालयाच्या पत्राचा जर्मन अनुवाद, प्रवासाच्या तारखा आणि एक नेमकी मागणी: चौथ्या उपकलमानुसार प्रमाणपत्र द्यावं. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तिला बोलावणं आलं. कागद तिच्या हातात पडला तेव्हा मी सोबत होते, आणि आम्ही दोघींनी खिडकीसमोरच आधी ती खूण तपासली. बरोबर होती. अशा ठिकाणी संकोच करू नये. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते, घरी आल्यावर पुन्हा महिनाभर वाट पाहावी लागते.

प्रवासासाठी तिने थेट जर्मनीला येणारं विमान घेतलं, जरी दुसऱ्या युरोपीय शहरातून येणारं तिकीट स्वस्त होतं. पहिलं कारण असं की हा कागद जर्मन सीमा पोलीस डोळे मिटून ओळखतात. दुसरं जास्त व्यावहारिक: प्रवाशाला आधी अडवतो तो विमान कंपनीच्या काउंटरवरचा माणूस, आणि त्याच्यासमोर मुदत संपलेला व्हिसा व एक घडीचा कागद एवढंच असतं. नोकरीचा करार, पगाराच्या ताज्या पावत्या आणि नोंदणीचा दाखला तिने वेगळ्या फाइलमध्ये ठेवला होता. परतताना काउंटरवर वरिष्ठाला बोलावलं गेलं, फोनाफोनी झाली, आणि तिला सोडलं. वडिलांची शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली होती.

ऑक्टोबरमध्ये नवरा आणि मुलगी आले. ब्लू कार्डावर आलेल्याच्या जोडीदाराला येण्याआधी जर्मन भाषेचं प्रमाणपत्र दाखवावं लागत नाही आणि आल्याबरोबर कुठलीही नोकरी करता येते, ही या परवान्याची फार मोठी बाजू आहे. हातात आता पगाराच्या पुरेशा पावत्या आणि स्वच्छ शूफा होता, त्यामुळे १ ऑक्टोबरपासून दोन खोल्यांचं कायमचं घरही मिळालं होतं. स्वयंपाकघर रिकामं, फक्त नळाची तोंडं आणि भिंतीतले प्लग. इथे ते नेहमीचं आहे. ताबा घेताना मीटरचे आकडे, भिंतींवरचे डाग, दारांची अवस्था हे सगळं फोटोंसह लिहून दोघांच्या सह्या घेतल्या. पुढे घर सोडताना अनामत परत मिळणं या कागदावरच ठरतं.

आणि इथे एक अडचण आली, जी बऱ्याच मराठी कुटुंबांत येते. तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. नवरा आणि मुलीचं आडनाव वेगळं. घरमालकाने पत्रपेटीवर आणि घंटीवर तिच्या एकटीच्या आडनावाची पट्टी लावून दिली होती. जर्मनीत पोस्टमन फ्लॅट क्रमांक पाहून पत्र टाकत नाही, कारण बहुतेक पत्त्यांत फ्लॅट क्रमांकच नसतो. तो पेटीवरचं आडनाव पाहतो. आडनाव नसेल तर पत्र ‘या पत्त्यावर सापडले नाही’ म्हणून परत जातं. नवऱ्याचा आणि मुलीचा करओळख क्रमांक असाच परत गेला. तो फोनवर किंवा ईमेलवर मिळत नाही. पुन्हा मागणी करायची आणि पत्राची वाट पाहायची, चार आठवड्यांपर्यंत. मुलीच्या क्रमांकाशिवाय बालभत्त्याचा अर्ज पूर्ण होत नव्हता. त्या वर्षी तो महिन्याला २५५ युरो होता. सुदैवाने मागच्या सहा महिन्यांपर्यंतचा भत्ता नंतर मिळतो, त्यामुळे पैसे बुडाले नाहीत, पण नवऱ्याचं विमा कार्डही त्याच वाटेने परत गेलं आणि मुलीच्या पहिल्याच तापात डॉक्टरांकडे तात्पुरता दाखला न्यावा लागला.

पेटीवर दोन्ही आडनावं लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे. घरमालकाची पट्टी येईपर्यंत साध्या कागदावर लिहून चिकटवली तरी चालते. किल्ली हातात आल्यावर सामान वर नेण्याआधी हे करावं, असं मी आता प्रत्येकाला सांगते.

आडनावांचा दुसरा परिणाम करवर्गावर झाला. नवरा भारतात असेपर्यंत ती पहिल्या वर्गात होती. तो येऊन नोंदला गेला की दोघं विवाहित म्हणून चौथ्या वर्गात जायला हवी होती, आणि त्याची कमाई सुरू होईपर्यंत तिने तिसरा व त्याने पाचवा वर्ग घेतला तर दर महिन्याला हातात जास्त पैसे येणार होते. वर्षाचा एकूण कर त्याने बदलत नाही, विवरणपत्र भरताना हिशोब होतोच. पण नवं घर लावताना महिन्याची रोकड महत्त्वाची असते. नोंदणी कार्यालयाकडे मात्र ते विवाहित असल्याचा पुरावा नव्हता, कारण विवाह प्रमाणपत्रावर तिचं सासरचं नाव होतं आणि पासपोर्टवर माहेरचं. शेवटी न्यायालयाने नेमलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून प्रमाणपत्राचा अनुवाद, पासपोर्टवर पतीचं नाव छापलेल्या पानाची प्रत आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं शपथपत्र, हे सगळं एकत्र दिल्यावर नोंद झाली. निघण्याआधी भारतातच हे शपथपत्र करून घेतलं असतं तर नोव्हेंबर वाया गेला नसता. ज्या बायकांच्या कागदांवर दोन नावं आहेत त्यांनी हे काम विमानाच्या तिकिटाआधी करावं.

प्रसारण शुल्काचं पत्र मात्र नवऱ्याच्या नावाने बिनचूक आलं. महिन्याला १८.३६ युरो, घरी दूरदर्शन संच असो वा नसो. त्याला ती फसवणूक वाटली. शुल्क माणशी नाही, घराला असतं. बायको ते आधीच भरत होती, तेव्हा तिचा शुल्क क्रमांक कळवून त्याचं खातं बंद केलं. अशा पत्रांना उत्तर न देणं महागात पडतं, कारण थकबाकी वाढत जाते आणि शेवटी वसुलीचा माणूस येतो.

मुलीच्या बालवाडीची नोंद शहराच्या पोर्टलवर केली आहे. पहिल्या वाढदिवसापासून कीटामध्ये, म्हणजे पाळणाघर-बालवाडीत, जागा मिळणं हा इथे २०१३ पासून मुलाचा कायदेशीर हक्क आहे. प्रत्यक्षात जागा कमी असल्याने थांबावं लागतं. तिथे गोवराच्या दोन मात्रांचा पुरावा मार्च २०२० पासून बंधनकारक आहे. भारतातल्या लसीकरण कार्डावर ‘एमआर’ (गोवर-रुबेला) असं लिहिलेलं होतं. बालरोगतज्ज्ञाने ते जर्मन लस-पुस्तिकेत उतरवून शिक्का दिला. नवऱ्याने आल्याबरोबर गाडी चालवण्याच्या परवान्याचं काम हाती घेतलं हे बरं झालं. भारतीय परवाना वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिनेच चालतो, भारत सूट असलेल्या देशांच्या यादीत नाही, म्हणून लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. लेखी इंग्रजीत देता येते.

तिचं ब्लू कार्ड डिसेंबरमध्ये हाती आलं. कायम करारावर ते चार वर्षांपर्यंतचं मिळतं, पण कार्डाची मुदत पासपोर्टच्या पुढे कधीच जात नाही. मुलीच्या पासपोर्टची मुदत वर्षभरातच संपत असल्यामुळे तिचं वास्तव्याचं कार्डही तेवढ्याच मुदतीचं निघालं. भारतीय वाणिज्य दूतावासात तिच्या नव्या पासपोर्टचा अर्ज दिला आहे. तो आला की कार्डही नव्याने करावं लागेल, आणि त्यासाठी १ मे २०२५ पासून कागदी फोटो चालत नाहीत, अधिकृत छायाचित्रकाराकडचा किंवा कार्यालयातच काढलेला डिजिटल फोटो लागतो. ती स्वतः आठवड्यातून दोन संध्याकाळी जर्मनच्या वर्गाला जाते. बी-एक ही मधली पातळी गाठली तर ब्लू कार्डाच्या नोकरीचे २१ महिने झाल्यावर कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नाहीतर ए-एक या सुरुवातीच्या पातळीवर २७ महिन्यांनी. परीक्षेची तारीख तिने जूनची घेतली आहे.